वर्ध्याचे सभागृह आणि व्हरांड्यातला भोंगा

पुण्याला परतल्यापासून जो भेटतो तो मला वर्ध्याच्या नव्या सभागृहाविषयी विचारतो, आणि मीही हौसेने सांगू लागतो. मध्ये एकही खांब नसलेले छत, उठल्याबरोबर आपोआप दुमडणाऱ्या खुर्च्या, गार पाण्याची सोय. ऐकणारा समाधानाने मान डोलावतो आणि निघून जातो. एवढ्यावरच थांबण्याची मला सवय लागत चालली आहे, हे परवा माझ्या ध्यानात आले. म्हणून हा प्रवास शेवटपर्यंत लिहून काढीत आहे. जे तिकडे गेलेले नाहीत त्यांना इमारतीची माहिती तर मिळेलच, आणि त्या इमारतीत मी कसा वागलो हेही कळेल.

विदर्भ आणि आपण आता एकाच राज्यात आलो आहोत. या नव्या शेजारामुळेच वर्ध्याच्या शिक्षण परिषदेच्या चालकांना पुण्याकडचा एक अध्यक्ष हवा होता. मी नुकताच मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो होतो. खेड्यातील शाळांविषयीच्या सत्राचे अध्यक्षपद मला देऊ केले, तेव्हा मी दोन दिवस नको नको म्हणालो. ते नको किती खोटे होते, हे माझ्या पत्नीने भरलेली ट्रंक पाहिली असती तर कोणालाही समजले असते. तिने ती मी होकार देण्यापूर्वीच भरली होती.

वर्धा

स्टेशनवर स्वागतसमितीचे कार्यवाह वामनराव आले होते. ते वर्ध्यातले वकील. बुटके, उत्साही आणि सतत घाम पुसणारे. त्यांनी माझ्या गळ्यात हातसुताचा हार घातला. आपल्याकडे झेंडूचा हार घालतात व तो संध्याकाळी टाकून देतात. इकडे सुताचा हार पाहुण्याने जपून ठेवावा अशी अपेक्षा असते, कारण त्याचे पुढे कापड होते. मला ही रीत फार आवडली.

आम्ही सरळ सभागृहाकडे गेलो. गावाच्या कडेला, जेथे कापसाच्या गाड्यांची वर्दळ थोडी विरळ होते, तेथे ती पांढरी इमारत एकदम समोर येते. दर्शनी भाग रुंद, तीन बाजूंनी खोल व्हरांडा, वर सिमेंट काँक्रीटची एक सलग कमान. आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती मोकळेपणाची.

"मधात एक खांब दिसतो का, सांगा साहेब," वामनराव म्हणाले. "नागपुरात दाखवा म्हणावं असं. आमच्या लोकांचा विश्वासच बसत नव्हता. पहिल्या दिवशी एक म्हातारा आत यायलाच तयार नाही. म्हणे, छत धरून कोण राह्यलं?"

प्रेक्षागाराची जमीन मागून पुढे उतरत येते, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही व्यासपीठ दिसते. वर एक सज्जा आहे. भिंतींच्या माथ्याशी झरोके असून उन्हाळ्यात तेथून गरम हवा निघून जावी अशी योजना आहे. व्यासपीठाच्या मागे बैठकीच्या खोल्या, त्यापलीकडे टेबलखुर्च्यांचे भोजनगृह, आणि पाहुण्यांसाठी तुषारस्नानाची सोय असलेली स्नानगृहे. या तुषारस्नानाने माझी फजिती केली. चावी उलटी फिरवल्यामुळे थंड पाण्याचा मारा अंगावर झाला आणि मी डिसेंबरच्या सकाळी ओरडत बाहेर आलो. खुर्चीनेही एकदा दगा दिला. मी नम्रपणे जरासा उठलो, तेवढ्यात बैठक दुमडली आणि परत बसताना मी खाली आदळलो. वामनरावांनी हसू दाबले. मीही हसलो, अशा हसण्याने माणूस साधा वाटतो हे मला माहीत होते.

मला मनापासून पसंत पडली ती एक गोष्ट निराळीच होती. खुर्च्यांच्या पहिल्या ओळीपुढे, व्यासपीठाच्या पायथ्याशी, एक ऐसपैस जागा मोकळी सोडलेली होती आणि तीवर जाड सतरंज्या अंथरल्या होत्या. खेड्यातून येणाऱ्यांना खुर्चीत अवघडल्यासारखे होते, त्यांनी येथे मांडी घालून बसावे, असा हेतू. आमच्या पुण्यात मी अनेक सभागृहे पाहिली, पण नकाशा काढताना मांडी घालून बसणाऱ्या माणसाचा विचार केलेला कोठे पाहिला नव्हता. तसे मी वामनरावांना बोलूनही दाखवले.

नंतर मी व्यासपीठावर चढून माझ्या भाषणाची चार वाक्ये म्हणून पाहिली. माझा आवाज मूळचाच मंद. तो समोरच्या भिंतीवर जाऊन परत आला, आणि माझेच वाक्य मला दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा पोकळ होऊन ऐकू आले.

"वामनराव, आवाज घुमतो आहे," मी म्हणालो. "उद्या माझे बोलणे कोणाला कळणार नाही."

"इंजिनिअर म्हणाले होते साहेब. भिंतींना जाड कापड पाहिजे. पडदे यायचे आहेत अजून." त्यांनी घाम पुसला. "तुम्ही बिलकुल चिंता करू नका. मी काहीतरी करतो."

मी चिंता केली नाही.

दुपारी बैलगाड्यांसाठी राखलेल्या कडुनिंबांच्या सावलीत फिरत असताना मला यमुनाबाई भेटल्या. आष्टीकडच्या मोहखेडी नावाच्या एका छोट्या गावाहून त्या व दहाबारा माणसे आली होती. आर्वीपर्यंत बैलगाडीने, मग छोट्या रेल्वेने पुलगावला आणि तेथून वर्ध्याला. त्या पन्नाशीच्या, उंच, हातात कासरा धरण्याची सवय असलेल्या शेतकरीण. त्यांनी मला आपादमस्तक पाहिले.

"तुमीच का अध्यक्ष?"

"होय."

"मले वाटलं, मोठे असान."

"वयनी, अध्यक्ष काय बैल हाय का, उंची पाहाले?" शेजारी बसलेला त्यांचा चुलत दीर सोमाजी म्हणाला, आणि सगळे हसले.

यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांना काम होते. "गुरुजी, आमच्या गावची शाळा माह्या गोठ्यात भरते. ढोरं बाहीर बांधतो अन् लेकरं अंदर बसवतो. आता तुमी ठराव करून राह्यले म्हनतात, का लहान शाळा बंद करा अन् मोठ्या गावच्या शाळेत जोडा."

"तशी सूचना आहे. परिषदेने संमत केली तर सरकार पुढच्या वर्षापासून अंमलात आणील."

"मोठं गाव नदीपल्याड हाय. बरसातभर नदीले उतार नाई. लेकरायनं काय उडत जावं? पोट्टे एखांद्या वक्ती जातीन पोहून. पोरीयले कोन धाडन? माही नात दुसरीत हाय. शाळा गेली का ते पऱ्हाटीतला कापूस येचाले जाईन. मंग कायचं शिकनं?"

मी त्यांना म्हणालो, की ही हरकत अगदी योग्य आहे व ती परिषदेपुढे आलीच पाहिजे. ठराव वाचून झाला, की कोणाचा विरोध आहे का, असे मी स्वतः विचारीन. त्या वेळी त्यांनी बोलावे.

"कुठं येऊन बोलू? त्या माचावर?"

"व्यासपीठावर यायला नको. बसल्या जागेवरून बोला. मी ऐकेन."

"हे बेस झालं," सोमाजी म्हणाला. "माचावर चढली असती तर उतरलीच नसती."

'बसल्या जागेवरून बोला' हे शब्द माझेच होते, हे मी येथे मुद्दाम नोंदवितो.

सेवाग्राम, आणि पुन्हा सभागृह

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्याने सेवाग्रामला जाऊन आलो. कुडाच्या भिंती, कवेलूचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. त्या ठेंगण्या खोलीत चटईवर बसलो असता बाहेर अंगण झाडणाऱ्या बाईचा खराटा स्पष्ट ऐकू येत होता. मी तेथे भारावून गेलो, काही थोर विचार मनात आणले, आणि गोरसपाकाच्या बिस्किटांचा एक पुडा विकत घेऊन वेळेवर परत फिरलो. सत्र दुपारी होते.

सभागृहात पाऊल टाकताच फरक जाणवला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड टांगलेले होते. मी दोन शब्द बोलून पाहिले. घुमारा नाहीसा झाला होता. माझा आवाज मऊ, गंभीर आणि माझ्या वयाला शोभेल असा येत होता.

"कशा वाटल्या सतरंज्या?" वामनराव विजयी मुद्रेने म्हणाले.

मी खाली पाहिले. पुढच्या मोकळ्या जागेत आता खुर्च्यांच्या दोन ओळी मांडल्या होत्या. नागपूरचे प्राध्यापक आणि काही अधिकारी तेथे बसले होते.

"आणि खेड्यातली मंडळी?"

"व्हरांड्यात बसवलं साहेब. बाहेर भोंगे लावले आहेत मोठे. एक शब्द चुकायचा नाही त्यांचा."

मला ही व्यवस्था पटली असे मी म्हणणार नाही. पण ती न पटल्याचेही मी म्हणालो नाही. उलट, माझ्या एका तक्रारीसाठी या माणसाने किती धडपड केली, याचे मला कौतुक वाटले. मी आभार मानले आणि आसनस्थ झालो.

माझे भाषण चांगले झाले. ते चांगले होत आहे हे मला बोलताना कळत होते, आणि मी ते थोडे लांबवलेही. नंतर ठराव मांडला गेला. त्याला अनुमोदन देणारे वक्ते बोलले. मग मी दिलेल्या शब्दाप्रमाणे उठलो आणि ध्वनिक्षेपकात म्हणालो, "या ठरावाला कोणाचा विरोध असल्यास त्यांनी बोलावे."

खुर्च्यांतून कोणी उठले नाही. मात्र बाहेरून एकाएकी गलका ऐकू आला. बाजारात भांडण लागावे तसा. त्यात एक बाईचा आवाज वर चढत होता. शब्द कळत नव्हते. पुढच्या ओळीतले एक प्राध्यापक कपाळाला आठ्या घालून मागे वळले. वामनरावांनी दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला खूण केली. ते जड, नवे, गुळगुळीत बिजागरीचे दार मी बंद होताना पाहिले. त्याचा यत्किंचित आवाज झाला नाही. गलका थांबला.

"विरोध दिसत नाही," मी म्हणालो. "ठराव सर्वानुमते संमत." टाळ्यांचा कडकडाट झाला.

सत्र संपल्यावर व्हरांड्यात आलो, तो यमुनाबाई गर्दीतून वाट काढीत माझ्यापुढे आल्या. चेहरा उजळलेला, पदर कमरेला खोचलेला.

"आयकलं ना गुरुजी? मी काई सोडलं नाई. नदी सांगतली, पोरी सांगतल्या, समदं सांगतलं."

"कोठे सांगितले?" मी विचारले.

"ह्या भोंग्याले! तुमी त्याच्यातून इचारलं, म्या त्याच्यातच जवाब देल्ला. सोमाजी मले म्हने, जवळ जाऊन बोल, म्हून त्या टेबलावर चढली."

"सोडेच ना हो भोंग्याले," सोमाजी म्हणाला. "मी लुगडं धरून खाली ओढली."

"अन् माहं बोलनं झालं का नाई, तसं तुमी 'संमत' म्हनलं, गडबडीत तेवढंच आयकू आलं. मंग टाळ्या तं अशा वाजल्या!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. परक्या पुरुषाचे हात धरण्याची ती बाई नव्हती. सोबतची माणसेही चकित झाली. "माही नात तुमचं नाव घेईन जलमभर. गावाले या. याच लागते."

छायाचित्रासाठी मला आतून बोलावणे आले. मी यमुनाबाईंना म्हणालो, "येईन." त्या वेळी माझ्या तोंडून एवढाच एक शब्द निघाला, आणि त्याचा अर्थ त्यांनी आनंदाने लावला. मी तो लावू दिला. छायाचित्र काढून परत येईतो मोहखेडीची मंडळी गाडी पकडायला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वामनरावांच्या घरी गेलो. पोहे आले, चहा आला. सर्व हकीकत सांगून मी म्हणालो, की ठरावाला विरोध झालेला होता, तेव्हा 'सर्वानुमते' हा शब्द तरी काढावा आणि हरकतीची नोंद करावी.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हे तो. मला आजही तसे वाटत नाही.

"साहेब, परिषद विसर्जित झाली. आता सुधारणा कोणापुढे मांडता? आणि कायद्यानं पाहाल तर त्या बाईंनी विरोध केला तो व्हरांड्यात. व्हरांडा सभागृहात धरत नाहीत. नकाशात पाहा, बैठकीच्या क्षमतेतसुद्धा तो धरलेला नाही."

"पण आपणच त्यांना तेथे बसवले."

"तुमचा आवाज घुमत होता ना साहेब," वामनराव म्हणाले. त्यांच्या स्वरात टोमणा मुळीच नव्हता. ते फक्त आठवण करून देत होते.

मोहखेडी

परतीच्या वाटेवर पुलगावला उतरलो. कापसाच्या गाठींनी भरलेल्या स्टेशनातून छोटी रेल्वे आर्वीला नेते; तिचा वेग असा, की उतारू मध्येच उतरून हरभऱ्याचे डहाळे तोडून पुन्हा डब्यात चढतात. आर्वीहून मोटारीने आष्टी, तेथून बैलगाडी. वाटेत संत्र्यांच्या बागा लागल्या. झाडे फळांनी इतकी लवली होती, की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले होते. अशा प्रदेशातून हलक्या मनाने जाणारा प्रवासी भाग्यवान. मी वाटेत दोनदा गाडीवानाला परत फिरण्यास सांगावे असा विचार केला. दोन्ही वेळा तो आपल्या बैलांशी बोलत होता, म्हणून मी थांबलो.

नदी ओलांडली तेव्हा पाणी घोट्याएवढेच होते. परंतु काठच्या बाभळींच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, पुरात वाहून आलेला काडीकचरा अडकून वाळलेला होता.

येत असल्याचा निरोप मी आधीच पाठवला होता, त्यामुळे गावात माझी वाट पाहत होते. अंगणांत सडे पडले होते. ज्या गोठ्यात शाळा भरते तो ताजा सारवलेला होता, आणि गव्हाणीवर फळी टाकून केलेल्या मेजावर माझ्यासाठी घोंगडी अंथरली होती. मुले ओळीने बसली होती. यमुनाबाईंची नात पुढेच होती, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. जमलेल्या माणसांपुढे सोमाजी वर्ध्याची नक्कल करीत होता.

"अशी चढली टेबलावर, अन् भोंग्याले म्हने, आयक रे बाप्पा, तुह्या वर्ध्याले नदी नाई म्हून तुले समजत नाई!" सगळे खळखळून हसले. "अन् भोंगा एकदम चूप. मंग टाळ्या!"

मी उभा राहिलो आणि सांगितले. शब्द सजवले नाहीत. भोंग्यातून आतला आवाज बाहेर येतो, बाहेरचा आत जात नाही. यमुनाबाईंचे बोलणे सभागृहात कोणी ऐकले नाही. टाळ्या शाळा बंद करण्याच्या ठरावाला होत्या. आणि तो संमत झाल्याचे मीच जाहीर केले.

"मंग आमी कोनासंगं बोलून राह्यलो होतो?" सोमाजी म्हणाला. त्याने हे कोणालाच उद्देशून विचारलेले नव्हते.

मग यमुनाबाई पुढे आल्या.

"गुरुजी, माहा आवाज तुमच्यापावतर आलाच नाई का? काईच?"

"गलका ऐकू आला. शब्द कळले नाहीत."

"गलका आला."

"होय. मग दार लावले."

"तुमी पाह्यलं लावतानी?"

"पाहिले."

"मंग थांबले काऊन नाई?"

माझ्याजवळ सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या. सभेचे नियम होते, पुढचे सत्र होते, वामनराव होते. पण त्या गोठ्यात ते काही बोलता येईना. "माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता," मी म्हणालो. "मला मध्येच थांबावेसे वाटले नाही."

यमुनाबाईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. रागाने पाहिले असते तर मला सोसले असते.

"असंन," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या."

मी म्हणालो, की मी नागपूरला व मुंबईला लिहीन, सर्व खरे काय ते कळवीन. त्यांनी मान हलवली. अशी मान आपण पाहुण्याने हवापाण्याविषयी काही म्हटले की हलवतो. मी लिहिलेही आहे. अजून उत्तर नाही.

पंगत गोठ्यापुढेच बसली. स्वयंपाक आधीच झालेला होता, आनंदाच्या दिवसाचा. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी, हिरव्या वांग्याचे भरीत, वर कच्चे तेल. त्या बाजूला पाहुण्याला वाढण्याची पद्धत आपल्यासारखी नाही. आपण 'आणखी हवे का' असे विचारतो आणि 'नको' ऐकले की सुटलो म्हणतो. तिकडे पाहुण्याचे पहिले 'नको' हे उत्तर समजत नाहीत. त्याने ताटावर आडवा धरलेला हात वाढणारी बाई बाजूला सारते, शपथ घालते, शेवटी भाकर लांबूनच ताटात टाकते. माझ्या शेजारी बसलेल्या गाडीवानाच्या बाबतीत हेच चालले होते, आणि तो तोंडभर हसत हरत होता.

यमुनाबाई भाकरीची टोपली घेऊन माझ्यापुढे आल्या. "भाकर पायजे?" त्यांनी विचारले.

मी मान वर केली. तोंडातला घास गिळून बोलणार, तोवर त्या पुढच्या ताटाशी गेल्या होत्या.

मला अर्धी भाकर हवी होती.